टॉय स्टोरी (१९९५): तीस वर्षं झाली तरी हा सिनेमा जुना का होत नाही?

केतकीचं_पान

परवा रविवारी लेकाला (वय वर्षं सहा) पहिला टॉय स्टोरी दाखवला. मी शाळेत असताना व्हीसीडीवर बघितला होता, दोन डिस्कवाला, मधेच उठून दुसरी डिस्क घालायची आणि तोपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. खरं सांगायचं तर मला धाकधूक होती, कारण हा आत्ताचे चकाचक सिनेमे बघत वाढतोय, याला ते सगळं जुनाट वाटेल आणि मला वाईट वाटेल. पण पोरगं ८१ मिनिटं जागचं हललं नाही.

मला लिहायचंय ते एका सीनबद्दल. सिनेमात खेळणी जिवंत असतात. अँडी या मुलाचं नवं खेळणं म्हणजे बझ, जो स्वतःला खरा अंतराळवीर समजतो. हा बझ खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या सिडच्या घरात अडकलाय, पळता पळता एका खोलीत शिरतो आणि तिथे टीव्हीवर त्याचीच जाहिरात लागलेली असते. दुकानात रांगेनं रचलेले बझच बझ, आणि शेवटी सूचना की हे खेळणं उडत नाही. मग तो स्वतःच्या मनगटावरचं झाकण उघडून बघतो तर आत छापलंय, मेड इन तैवान. तरीही तो जिन्याच्या कठड्यावर चढतो, समोरच्या खिडकीतल्या आभाळाकडे बघतो आणि उडी मारतो. एक क्षण वाटतं की उडाला, आणि मग सरळ खाली. हात निखळून बाजूला पडतो.

लेकानं तिथे सिनेमा थांबवायला लावला. मला वाटलं आता विचारेल लागलं का त्याला. तर म्हणाला, "आई, तो खोटं नव्हता ना बोलत? त्याला माहीतच नव्हतं." मी दोन मिनिटं गप्पच बसले. कारण इतकी वर्षं मी बझला बढाईखोर समजत आले होते आणि सहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच फटक्यात कळलं की हा बिचारा मनापासून सगळं खरं मानत होता. म्हणून तर ते पडणं इतकं लागतं.

तेव्हा मंडळी, तुमचं काय मत? हा सिनेमा टिकलाय तो 'पहिला पूर्ण कॉम्प्युटरवर केलेला मोठा सिनेमा' म्हणून, की आणखी कशामुळे? आणि तुम्ही तो कधी, कुणाबरोबर बघितला तेही लिहा.

रेंडर_रात्र

केतकीताई, धाग्याबद्दल खूप आभार. मी गोरेगावात व्हीएफएक्समध्ये (सिनेमातली कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं) लायटिंगला आहे, बारा वर्षं झाली, आणि या सिनेमाबद्दल आमच्याकडे नवीन पोरं आली की मी अजून बोलतो. आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. साधारण १,१४,००० फ्रेम्स, ११७ कॉम्प्युटरचं रेंडर फार्म (फ्रेमचं अंतिम चित्र तयार करणाऱ्या मशीन्सचा ताफा), एकेक फ्रेम पाऊण तासापासून तीस तासांपर्यंत चालायची. सगळं मिळून आठ लाख मशीन-अवर्स. भागाकार करून बघा, एका फ्रेमला सरासरी सात तास पडतात, आणि एका सेकंदाला चोवीस फ्रेम्स लागतात. म्हणजे लेकानं ज्या सीनला सिनेमा थांबवला त्यातला एक सेकंद म्हणजे मशीनचा आठवडा.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. त्या वेळी कॉम्प्युटरला प्लास्टिक सोडून फारसं काही नीट जमतच नव्हतं. प्रकाश पृष्ठभागावर पडून कसा चमकतो याचं जे गणित तेव्हा सगळे वापरायचे ते युटा विद्यापीठात बुई तुआँग फाँग या संशोधकानं सत्तरच्या दशकात मांडलेलं, आणि त्यानं कुठलीही वस्तू केली की ती प्लास्टिकचीच वाटते. हा सिनेमा करणाऱ्या पिक्सारच्या रेंडरमॅन या सॉफ्टवेअरमध्ये तर एका शेडरचं (वस्तू कशी चमकेल ते ठरवणाऱ्या प्रोग्रामचं) नावच 'प्लास्टिक' होतं. माणसाच्या कातडीत प्रकाश थोडा आत शिरतो, आत पसरतो आणि मग बाहेर येतो, म्हणून कातडी जिवंत दिसते. ते तेव्हा जमत नव्हतं. केस जमत नव्हते, कपड्याच्या घड्या जमत नव्हत्या. मग त्यांनी काय केलं, तर ज्या वस्तू प्लास्टिकच्याच असतात त्यांचीच गोष्ट सांगितली! जे येत नाही ते कसंबसं उरकण्यापेक्षा जे येतं त्याच्यातच जीव ओतायचा, हे मी या सिनेमाकडून शिकलो. म्हणून बझ आजही बघा, हेल्मेटवरचं खोलीचं प्रतिबिंब, पांढऱ्या प्लास्टिकची ती चकाकी, कुठेही खोटा वाटत नाही.

आणि नुसतं चकचकीत ठेवलं नाही हेही महत्त्वाचं. दारांच्या खालच्या भागावर ओरखडे आहेत, लाकडावर डाग आहेत, मुलं राहतात त्या घरात असतात तसे. कॉम्प्युटर आपणहून सगळं कोरं करकरीत देतो, मळ मुद्दाम घालावा लागतो, आणि तो घालायला वेळ जातो. आमच्याकडे आजही डेडलाईन आली की सगळ्यात आधी तोच वेळ कापला जातो आणि मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

शंकासुर

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. खेळणी चांगली दिसतात हे मान्य. पण अँडीकडे बघा, सिडच्या त्या स्कड कुत्र्याकडे बघा. आज बघताना खटकतं. अँडीच्या तान्ह्या बहिणीचा चेहरा तर मला लहानपणीही बघवत नव्हता. आणि दुसरं, खेळण्यांमध्ये बाईमाणूस म्हणावी अशी एक बो पीप, तिलाही मोजून चार वाक्यं. माझ्या दोन्ही मुलींनी हाच प्रश्न विचारला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या भागात जेसी आली तेव्हा कुठे त्या खूश झाल्या.

आणखी एक, हे जरा मनातलं. मी हाताने काढलेल्या ॲनिमेशनवर वाढलोय. या सिनेमाच्या यशानंतर पेन्सिलवाल्यांचं काय झालं? दहा वर्षांच्या आत डिस्नेनं हाताने काढलेले मोठे सिनेमे बंदच केले, २००४ नंतर थेट २००९ ला एक आला. तेव्हा या सिनेमाचं कौतुक करताना माझ्या पोटात कुठेतरी कालवतं.

केतकीचं_पान

शंकासुर, राग कसला, बो पीपचा मुद्दा शंभर टक्के पटला. लेकानं नाही विचारलं, पण शेजारची मुलगी असती तर नक्की विचारलं असतं.

बंडूनाना

मी एरवी इथे फक्त वाचतो. शंकासुर यांचं शेवटचं वाक्य वाचून मात्र राहवलं नाही.

मी कंपोझिटर होतो. एका छापखान्यात बावीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवले. खिळ्यांच्या पेटीत कुठल्या अक्षराचा खण कुठे हे डोळे मिटून हाताला कळायचं. जोडाक्षरं जुळवताना मान मोडायची पण गॅली बांधून पहिलं प्रूफ निघालं की बरं वाटायचं. नव्वदच्या सुमारास मालकांनी कॉम्प्युटर आणला आणि त्याच्याबरोबर एक पंचविशीतला मुलगा आणला. मी खिडकीजवळ बसायचो, तिथे उजेड चांगला. ती जागा त्याला दिली, कारण प्लग तिथे होता. मी त्या मुलाशी वर्षभर धड बोललो नाही. त्यानं माझं काहीही वाईट केलेलं नव्हतं, उलट तो मला काका काका करायचा. एकदा त्याची फाईल उडाली तेव्हा मला आत आनंद झाला होता, हे आज इथे पहिल्यांदा लिहितोय.

नातवानं मला हा सिनेमा दाखवला तेव्हा मी बहात्तर वर्षांचा होतो. पलंगावरची जागा जाते, भिंतीवरची काऊबॉयची चित्रं जाऊन बझची येतात, चादरसुद्धा बदलते आणि अँडीचा जुना लाडका काऊबॉय बाहुला वुडी नुसता बघत राहतो. माझ्या घशाशी आलं. लहान मुलांच्या सिनेमात हे कुणी दाखवेल असं वाटलं नव्हतं. आणि वुडीला त्यांनी चांगला माणूस म्हणून सोडून नाही दिला. तो बझला टेबलाच्या मागे पाडायला जातो, बझ खिडकीतून बाहेर पडतो, आणि मग बाकी सगळे त्याच्याकडे पाठ फिरवतात. केलंस ना, आता भोग, आणि भोगता भोगता शहाणा हो. त्या मुलाकडून पुढे मी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणं, शिकलो. शेवटची आठ वर्षं नोकरी त्याच्यामुळे टिकली.

इंद्रायणी_काठ

नाना, टडोपा (टचकन डोळ्यांत पाणी). दोनदा वाचलं. लिहीत जा हो तुम्ही.

रेंडर_रात्र

नाना, तुमचा प्रतिसाद आमच्या टीमच्या ग्रुपवर टाकू का? सध्या आमच्याकडेही सगळे आपापल्या खिडकीजवळच्या जागेची काळजी करतायत.

बंडूनाना

जरूर टाका.

फ्रीमाँटकर

नानांनी जे सांगितलं त्याला जोडूनच एक गोष्ट, बऱ्याच जणांना माहीत असेल. वुडी आज जसा आहे तसा सुरुवातीला नव्हताच. १९ नोव्हेंबर १९९३ ला पिक्सारच्या लोकांनी सिनेमाला पैसा देणाऱ्या डिस्नेला तोपर्यंतचं काम दाखवलं, कच्च्या चित्रांचं रीळ. त्यात वुडी बाकीच्यांना हिडीसफिडीस करणारा, टाकून बोलणारा होता आणि बझला तो ठरवून खिडकीबाहेर फेकायचा. डिस्नेकडून सारखं सांगणं होतं की जरा धारदार करा, मोठ्यांनाही आवडू दे, आणि धार लावता लावता हिरोच नकोसा झाला. डिस्नेनं काम थांबवायला सांगितलं. पिक्सारमध्ये त्या दिवसाला अजून ब्लॅक फ्रायडे म्हणतात. मग दिग्दर्शक जॉन लॅसेटर, अँड्र्यू स्टँटन, पीट डॉक्टर, जो रॅनफ्ट ही मंडळी बसली आणि पुढच्या काही महिन्यांत गोष्ट पुन्हा उभी केली.

बदल किती बारीक आहे बघा. आताच्या सिनेमात वुडीला बझला फक्त टेबलामागे पाडायचंय, म्हणजे पिझ्झा प्लॅनेट या हॉटेलात अँडी आपल्याला नेईल. खिडकीतून पडणं हा अपघात. मत्सर तितकाच आहे, पण आपण त्याच्या बाजूनं उभं राहू शकतो. नानांचंच उदाहरण घ्या, फाईल उडाल्यावर आनंद होणं वेगळं आणि स्वतः जाऊन फाईल उडवणं वेगळं. पहिल्या माणसाला आपण जवळ घेतो.

मी इथे सॅन फ्रान्सिस्कोजवळ बे एरियात राहतो. पिक्सार तेव्हा पॉइंट रिचमंडला होती, एमरीव्हिलचा तो मोठा कॅम्पस नंतर झाला, २००० मध्ये. एका शनिवारी मुद्दाम पॉइंट रिचमंडला गेलो होतो, पाण्याच्या कडेचा शांत भाग आहे, तिथे बसून डबा खाल्ला आणि परत आलो. बायकोला कळेना मी एवढा खूश का.

इंद्रायणी_काठ

आता माझा मुद्दा, आणि हा मी लग्नाआधीपासून सगळ्यांशी भांडत आलेय. सिड. सगळे त्याला व्हिलन म्हणतात. माझा धाकटा भाऊ हुबेहूब सिड होता. रेडिओ उघड, पंख्याची मोटर काढ, बाहुलीचं मुंडकं ट्रकला लाव. मार खाल्ला बिचाऱ्यानं खूप. आज तो प्रोस्थेटिक्समध्ये आहे, लोकांना हातपाय बसवतो. सिडला कुठे माहितीय की खेळणी जिवंत आहेत? त्याच्या दृष्टीनं ती वस्तू आहेत आणि तो जोडतोय, मोडतोय, नवीन काहीतरी करतोय. बाळाच्या डोक्याला कोळ्यासारखे लोखंडी पाय लावणं, ही साधी कल्पनाशक्ती आहे का? घरात तो एकटाच असतो, बाप खुर्चीत झोपलेला दिसतो. त्या मुलाकडे कुणी बघतच नाही.

शंकासुर

इंद्रायणी, भाऊ भारीच! पण सिड हॅनाची, म्हणजे बहिणीची बाहुली हिसकावून घेऊन तिचं डोकं काढतो, तिला रडवतो. हे त्याला माहीत असतं की. खेळण्याला जीव नाही हे मान्य केलं तरी बहिणीला आहे.

इंद्रायणी_काठ

हं. हे मात्र खरंय. भावानं माझ्या बाहुलीचं केलं होतं तेव्हा मी आठवडाभर जेवताना त्याच्याशेजारी बसले नव्हते.

पण मग याच सिडच्या खेळण्यांचा सीन घ्या. वुडीला वाटतं ती बझला खाताहेत, अंगावर येतो तो प्रसंग, आणि बाजूला होतात तर बझचा हात जागेवर बसवलेला. स्वतः मोडलेली, जोडलेली खेळणी दुसऱ्याला दुरुस्त करतात. एक शब्द बोलत नाहीत ती पूर्ण सिनेमात. मी भावाला त्याच्या पदवीच्या दिवशी हाच सीन मोबाईलवर पाठवला होता.

केतकीचं_पान

अगं, हे किती सुंदर आहे. लेकाला त्या कोळी-बाळाची भीती वाटली होती, नंतर हात जोडल्यावर म्हणाला "ते डॉक्टर होते होय!"

रच्याकने (जाता जाता), त्यानं एक प्रश्न विचारलाय आणि मला उत्तर आलं नाही. बझला जर वाटतंय की तो खरा अंतराळवीर आहे, तर अँडी खोलीत आला की तो बाकीच्यांसारखा निपचित का पडतो?

रेंडर_रात्र

हा प्रश्न आमच्या कँटीनमध्ये वर्षातून एकदा तरी निघतो! माझं उत्तर असं की ते त्याला माहीत नसून अंगात आहे. डोळ्यासमोर हात आला की पापणी मिटते, तसं. मन म्हणतंय मी अंतराळवीर, पण शरीर खेळण्याचं आहे आणि शरीराला खरं माहितीय.

शंकासुर

माझी थिअरी साधी आहे, नवीन ठिकाणी गेलेला माणूस तिथले चार लोक करतात तेच करतो. सगळे आडवे झाले, हाही झाला. पंगतीत नवखा जसा शेजारच्या पानाकडे बघून जेवतो.

फ्रीमाँटकर

मला रेंडर_रात्र यांचं उत्तर जास्त आवडलं. त्याच्यावरून ती रात्र आठवली. सिडनं बझच्या पाठीला रॉकेट बांधलंय, पाऊस आहे म्हणून उड्डाण सकाळवर ढकललंय, आणि वुडी दुधाच्या क्रेटखाली कोंडलेला. बझ हरून बसलाय, मी फक्त एक खेळणं आहे म्हणतोय. आणि वुडी पहिल्यांदा मनातलं कबूल करतो की अँडीला तुझ्यासमोर मी कशाला हवा असेन. बझ मान खाली घालून स्वतःच्या बुटाच्या तळव्याकडे बघतो. तिथे अँडीनं आपलं नाव लिहिलेलं असतं. काही भाषण नाही, बझ उठतो आणि क्रेट ढकलायला लागतो. अंतराळवीर नसलो तरी कुणाचा तरी आहे, एवढं त्याला पुरतं.

हे लिहिणाऱ्यांना पटकथेचं ऑस्कर नॉमिनेशन मिळालं होतं, ॲनिमेशनपटाला त्या विभागात पहिल्यांदाच. मिळालं नाही, पण नॉमिनेशन झालं. लॅसेटर यांना विशेष पुरस्कार वेगळा मिळाला.

बंडूनाना

नातवानं मला सांगितलं की ते हिरवे सैनिक पायाखालच्या पट्टीसकट कसे चालतील हे कळावं म्हणून ॲनिमेशन करणाऱ्यांनी आपले बूट फळीला खिळ्यांनी ठोकले आणि ते घालून ऑफिसात चालले. खरं का हे?

रेंडर_रात्र

खरं आहे नाना. आणि म्हणूनच त्यांच्या चालीत वजन आहे. आधी एक पाय, मग सगळं अंग झुलवून दुसरी कड पुढे. नुसतं मनानं केलं असतं तर सरकल्यासारखे दिसले असते. वुडीला हलवायला सातशेच्या वर कंट्रोल्स होते, त्यातले दोनशेहून जास्त नुसत्या चेहऱ्याला. तो कापडाचा बाहुला आहे म्हणून चालताना सांध्यांतून लुळा पडतो, आणि बझ कडक प्लास्टिक म्हणून ताठ. आवाज बंद करून बघा एकदा, कोण कशाचा बनलाय हे चालीवरून कळतं. शंकासुर, तुमच्या पेन्सिलवाल्यांची शिकवण आहे ती. लॅसेटर स्वतः डिस्नेतल्या जुन्या लोकांच्या हाताखाली चित्रं काढायला शिकलेले. कॉम्प्युटर नवीन होता, हात जुनाच होता.

शंकासुर

भापो (भावना पोहोचल्या). हे मला माहीत नव्हतं, आज रात्री आवाज बंद करून बघतो.

गाण्यांबद्दल कुणी लिहिलंच नाही अजून! त्या काळातल्या डिस्नेच्या सिनेमांत पात्रं उभी राहून गायची, इथे कुणीही गात नाही. रँडी न्यूमन मागून गातात, त्या घोगऱ्या, जरा दमलेल्या आवाजात. बझ उडी मारतो तेव्हाही त्यांचंच गाणं आहे. कुणी गोड गळ्याचा गायक असता तर तो सीन मला इतका लागला नसता असं वाटतं.

इंद्रायणी_काठ

+१ गाण्याला. आणि केतकी, आता मुलाला पुढचे भाग दाखवणार असशील तर ऐक. दुसरा बिनधास्त दाखव. तिसरा मात्र थांब थोडी. त्यात ती खेळणी भट्टीकडे सरकत जातात आणि एकमेकांचे हात धरतात, माझी मुलगी आठ वर्षांची असून उशीत तोंड खुपसून बसली होती.

फ्रीमाँटकर

तिसऱ्याला अनुमोदन, थांबा. पण दाखवाल तेव्हा शेवटचा शॉट सोडू नका. निळ्या आभाळात पांढरे ढग. पहिल्या सिनेमाची सुरुवात अँडीच्या खोलीतल्या वॉलपेपरवर होते, तेच ढग.

केतकीचं_पान

अंगावर काटा आला. आत्ताच पहिला भाग परत लावून सुरुवातीचे दहा सेकंद बघितले, आहेत ढग!

इंद्रायणी, ऐकलं तुझं. दुसरा या शनिवारी, तिसरा तो दहा वर्षांचा झाल्यावर. बझच्या न हलण्याची दोन्ही उत्तरं मी त्याला सांगितली. पापणीवालं त्याला पटलं नाही, तो दिवसभर पापणी न मिटवता बसायचा प्रयत्न करतोय. पंगतीवालं पटलं. म्हणाला, मी पण पहिल्या दिवशी शाळेत सगळे उठले तेव्हा उठलो होतो, कशाला ते माहीत नव्हतं.